डिजिटल छायाचित्र आणि फिल्मचे रूप : एक विवेचन

डिजिटल कॅमेऱ्याने घेतलेल्या छायाचित्रावर संगणकात संस्कार करून त्यास फिल्मवरील छायाचित्राचे रूप देण्याचा प्रघात अलीकडे चांगलाच रूढ झाला आहे. विवाहसमारंभाचे छायाचित्रकार, लघुपट तयार करणारे विद्यार्थी, भ्रमणध्वनीने चित्रे घेणारे हौशी लोक, सर्वांनाच हे रूप हवेसे वाटते. ही केवळ हौस आहे तोवर तिच्याविषयी फारसे लिहिण्याचे कारण नाही. परंतु ज्या विभागांत शिलालेख, मूर्ती, भित्तिचित्रे व वास्तू यांची छायाचित्रे पुरावा म्हणून जतन केली जातात, तेथे हा संस्कार म्हणजे नेमके काय, त्याने चित्रातील कोणती माहिती बदलते व कोणती तशीच राहते, हे समजून घेणे अगत्याचे होते. शिवाय हा संस्कार योग्य रीतीने केल्यास त्याचा संशोधनास उपयोगही होऊ शकतो. त्या उपयोगाचा विचार पुढे अजिंठ्याच्या संदर्भात केला आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. फिल्मला एकच एक रूप कधीच नव्हते. फिल्म कोणती, ती कोणत्या रसायनात धुतली, कोणत्या कागदावर छापली, आणि आज पाहणारा ती छापील चित्रात पाहतो की स्कॅनरने घेतलेल्या प्रतिमेत, यावर ते रूप अवलंबून असते. एकाच निगेटिव्हची दोन प्रयोगशाळांत केलेली मुद्रणे शेजारी ठेवली, तर ती दोन निरनिराळ्या फिल्मवरील असावीत असा भास होतो. दुसरे असे की, घरोघरच्या जुन्या अल्बमांमध्ये जे तांबूस, पिवळसर, फिकट काळ्या रंगाचे चित्र आढळते, ते फिल्मचे रूप नसून रंजकद्रव्यांच्या ऱ्हासाचे रूप आहे. मुद्रण ताजे होते तेव्हा त्यातील काळा रंग गडद होता आणि पांढरा स्वच्छ होता. काळ्या छटा उचलून राखाडी करावयाच्या व सर्व चित्रावर पिवळी झाक द्यावयाची, ही जी युक्ती आज 'फिल्मचे रूप' म्हणून सर्रास वापरली जाते, तिने फार तर दमट कपाटात तीस वर्षे पडलेल्या फोटोचे अनुकरण होते; फिल्मचे होत नाही.

मग फिल्मचे म्हणून जे काही आहे, ते कशात आहे? सर्वांत महत्त्वाची बाब प्रकाश आणि घनता यांच्या संबंधाची आहे. समजा, गारखेड्यातील सूतगिरणी चौकात मे महिन्याच्या दुपारी बारा वाजता एक चित्र घेतले आहे. त्यात पत्र्याच्या छपरावर ऊन लखलखते आहे, पांढरा सदरा घातलेला मनुष्य रस्ता ओलांडतो आहे, आणि दुकानाच्या ओट्यावर, सावलीत, कोणी बसले आहे. डिजिटल संवेदकातील प्रत्येक बिंदू आपल्यावर पडणारा प्रकाश अगदी समप्रमाणात मोजतो. प्रकाश दुप्पट झाला की आकडाही दुप्पट होतो. मात्र त्याच्या धारणशक्तीची मर्यादा आली की मोजणी एकदम थांबते. त्या मर्यादेपलीकडचे सर्वच पांढरे. सदऱ्याच्या खांद्यावरील घड्या तेथे नाहीशा होतात, आणि पत्र्याच्या पन्हाळ्या सपाट होऊन त्या जागी नुसता पांढरा डाग उरतो.

फिल्मचे वर्तन निराळे असते. इंग्लंडमधील रासायनिक कारखान्यांत काम करणारे हर्टर व ड्रिफील्ड यांनी १८९० साली ते प्रथम मोजून आलेखाने मांडले. आडव्या अक्षावर प्रकाशाचा लघुगणक आणि उभ्या अक्षावर धुतलेल्या फिल्मची घनता घेतली असता वळणदार रेषा मिळते. आरंभी ती जवळजवळ आडवी असते, पुढे सरळ चढते आणि शेवटी हळूहळू वाकून पुन्हा आडवी होऊ लागते. छायाचित्रशास्त्रात हिलाच वैशिष्ट्यदर्शक वक्र म्हणतात. अखेरच्या वाकणात फिल्मचा सारा सौम्यपणा साठवलेला आहे. प्रकाश वाढत गेला तरी घनतेची वाढ मंदावते, पण एकाएकी थांबत नाही. त्यामुळे सदऱ्याच्या घड्या फिकट का होईना, टिकतात. रंगीत निगेटिव्ह फिल्म तर आवश्यकतेपेक्षा कितीतरी पट जास्त प्रकाश सोसून घेते. याच्या नेमके उलट, सावलीतील तपशील राखण्यात डिजिटल संवेदक वरचढ ठरतो. म्हणून निगेटिव्ह वापरणारे जुने छायाचित्रकार सावलीकडे पाहून एक्स्पोजर ठरवीत. डिजिटल कॅमेरा वापरणाऱ्याने ते उजेडाकडे पाहून ठरविले पाहिजे.

यातून व्यवहाराचा पहिला नियम निघतो, आणि तो संगणकासमोर बसण्यापूर्वीचा आहे. चित्र रॉ स्वरूपात घ्यावे आणि सर्वांत उजळ भाग संवेदकाच्या मर्यादेखाली राहील इतकेच एक्स्पोजर द्यावे, मग बाकीचे चित्र काळपट दिसले तरी चालेल. जेपेग स्वरूपात प्रत्येक रंगास २५६ पायऱ्या मिळतात. चौदा बिटांच्या रॉ स्वरूपात त्या १६,३८४ असतात. पुढे संगणकात मधल्या छटा उचलावयाच्या, उजळ टोकास वक्र हळूहळू वाकवावयाचा, काळ्या टोकास किंचित बाक द्यावयाचा, एवढे केले तरी निम्मे काम होते. २५६ पायऱ्यांत हीच ओढाताण केली, तर आकाशात पट्टे उमटतात. आणि जो तपशील संवेदकाने टिपलाच नाही, तो कोणत्याही संस्काराने परत येत नाही. संगणक तेथे राखाडी रंग भरू शकतो. घड्या भरू शकत नाही.

रंगांच्या बाबतीत फरक अधिक सूक्ष्म आहे. रंगीत फिल्ममध्ये एकावर एक असे थर असतात आणि त्यांत निळसर-हिरवे, किरमिजी व पिवळे रंजक तयार होतात. हे रंजक प्रकाश शोषून रंग दाखवितात. साहजिकच रंग जितका गडद, तितका रंजक अधिक, आणि तितका त्या ठिकाणचा उजेड कमी. फिल्मवरील लाल शालू भरदार दिसतो तो यामुळे. संगणकात रंगाची तीव्रता वाढविण्याची जी नेहमीची कळ असते, ती दाबली की रंग गडद होण्याऐवजी पुष्कळदा भडक व उजळ होतो, आणि शालू जणू आतून दिवा लावल्यासारखा दिसू लागतो. म्हणून तीव्रता वाढविताना त्या त्या रंगाचा उजेड त्याच मानाने कमी करावा लागतो. तसेच फिल्मच्या तिन्ही थरांचे वक्र तंतोतंत एकसारखे नसतात. परिणामी सावलीत एक झाक येते आणि उजेडात दुसरी. लाल, हिरवा व निळा यांचे वक्र स्वतंत्रपणे वाकवून हे साधता येते. यात हात आखडता ठेवणेच बरे, कारण फिल्म बनविणाऱ्या कारखान्यांची सारी धडपड ही झाक घालविण्यासाठी होती, आणण्यासाठी नव्हती.

हे सर्व एकत्र बांधून देण्याचे साधन म्हणजे त्रिमितीय रंगकोष्टक. येणाऱ्या प्रत्येक रंगाऐवजी कोणता रंग द्यावयाचा, हे त्यात नोंदलेले असते. प्रत्येक अक्षावर ३३ अशी विभागणी केली, तर कोष्टकात ३५,९३७ नोंदी होतात, आणि मधल्या रंगांचे मूल्य त्यांवरून काढले जाते. कोष्टक बाजारातून विकत घेण्यापेक्षा स्वतः तयार करणे अधिक शास्त्रीय होय. चोवीस चौकटींचा प्रमाणित रंगतक्ता एकाच उजेडात एकदा फिल्मवर आणि एकदा डिजिटल कॅमेऱ्याने, कमीअधिक एक्स्पोजर देऊन टिपावा. फिल्म धुऊन स्कॅन करावी. आणि दोहोंतील मूल्यांची तुलना करावी. मात्र असे केल्यावर जे हाती येते, ते फिल्मचे, ती धुणाऱ्या प्रयोगशाळेचे आणि स्कॅनरचे मिळून तयार झालेले रूप असते. तिन्हींची नावे नोंदविल्याशिवाय त्या कोष्टकास अमुक फिल्मचे नाव देणे योग्य नाही.

कोष्टकाची आणखी एक मर्यादा आहे. ते प्रत्येक बिंदूचा एकाकी विचार करते. शेजारच्या बिंदूवर काय चालले आहे, हे त्यास ठाऊक नसते. फिल्मचे दोन महत्त्वाचे गुण मात्र शेजारधर्माचेच आहेत. एक म्हणजे कण आणि दुसरा म्हणजे तेजोवलय.

फिल्मवरील प्रतिमा चांदीच्या संयुगांच्या सूक्ष्म स्फटिकांपासून तयार होते. हे स्फटिक आकाराने लहानमोठे असून वाटेल तसे विखुरलेले असतात. कृष्णधवल फिल्ममध्ये धुतल्यानंतर चांदीचे पुंजके राहतात. रंगीत फिल्ममध्ये चांदी काढून टाकली जाते व तिच्या जागी रंजकाचे लहान ढग उरतात. कण दिसतो तो या पुंजक्यांच्या विखुरलेपणामुळे. डिजिटल चित्रातील खरखर याहून वेगळी असते. ती बिंदूंच्या चौकटीत बसलेली असते आणि सावलीत अधिक जाणवते. मुद्रित चित्रात फिल्मचा कण मधल्या राखाडी छटांत सर्वांत ठळक असतो. गडद काळ्यात व स्वच्छ पांढऱ्यात तो जवळजवळ लोपतो. सबंध चित्रावर सारखीच खरखर पसरली असता ते चित्र धुळकट काचेतून पाहिल्यासारखे का वाटते, याचा उलगडा यातच आहे.

कण किती असावा, हेही अंदाजावर सोडण्याचे कारण नाही. सेल्विन यांनी १९३५ साली दाखवून दिले की, फिल्मवरील घनतेचा चढउतार ज्या छिद्रातून मोजावा, त्याच्या क्षेत्रफळाच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात तो बदलतो. त्यामुळे छिद्र ठरावीक ठेवणे आवश्यक झाले. कोडॅकच्या तांत्रिक पत्रकांत ४८ मायक्रोमीटर व्यासाचे छिद्र वापरून केलेली मोजणी दिलेली असते. १९५४ पासून लोकप्रिय असलेल्या ट्राय-एक्स या वेगवान फिल्मचा आकडा तेथे १७ असा आढळतो. म्हणजे घनतेचे प्रमाणविचलन ०.०१७. आता ३६ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मशी तुल्य असे ६,००० बिंदू रुंदीचे डिजिटल चित्र घेतले, तर एक बिंदू ६ मायक्रोमीटरचा पडतो आणि ४८ मायक्रोमीटरचे छिद्र आठ बिंदूंच्या व्यासाचे होते. तेवढ्या वर्तुळाची सरासरी घेत गेल्यास आपण घातलेला कण त्या आकड्याशी जुळतो की नाही, हे पडताळता येते. अर्थात ही घनता निगेटिव्हची आहे. मुद्रणाचा कागद जितका कडक, तितका हा चढउतार चित्रात वाढतो, आणि गणितात त्याचीही भर घालावी लागते. कण किंचित अस्पष्ट करून, शेजारच्या बिंदूंत थोडा मिसळून द्यावा, आणि चित्राचा अंतिम आकार ठरल्यावरच घालावा. आधी घालून मग चित्र लहान केले, तर तो विरून जातो. भ्रमणध्वनीवरील संदेशांतून पाठविलेल्या चित्रात तर दाबणीमुळे कणाचे चौकोनी ठोकळे होतात. तेथे ही मेहनत न घेणेच शहाणपणाचे.

तेजोवलयाची कथा थोडक्यात सांगता येते. रात्री चौकातील दिव्याचे चित्र घेतले असता प्रखर प्रकाश फिल्मच्या थरांतून आरपार जातो, पाठीमागील पृष्ठभागावर आपटून परत येतो आणि दिव्याभोवतीचा भाग पुन्हा उजळतो. रंगीत निगेटिव्हमध्ये लाल रंग टिपणारा थर सर्वांत खाली असल्याने परतलेला प्रकाश त्यास प्रथम गाठतो, आणि म्हणून वलय तांबूस-नारिंगी दिसते. हे टाळण्यासाठी फिल्मला प्रकाश शोषणारा लेप दिलेला असतो. चित्रपटाच्या निगेटिव्हला तो दीर्घकाळ काजळीचा असे. म्हणजे ज्या दोषाच्या निवारणासाठी कारखान्यांनी खास लेप दिला, तोच दोष आज हौसेने जोडला जातो. जोडावयाचाच झाला, तर अतिप्रखर भाग तेवढे वेगळे काढून, ते अस्पष्ट करून, तांबूस रंग देऊन मूळ चित्रात मिळवावेत. आणि ही बेरीज वक्र लावण्यापूर्वी, आकडे प्रकाशाच्या समप्रमाणात असतानाच करावी. दिवसा घेतलेल्या चित्रात, पांढऱ्या सदऱ्याभोवती असे वलय दिसू लागले, तर प्रमाण चुकले असे खुशाल समजावे.

आतापर्यंतच्या विवेचनात फिल्म म्हणजे तिन्ही रंग जाणणारी फिल्म असे गृहीत धरले आहे. इतिहासाच्या व पुरातत्त्वाच्या अभ्यासकास मात्र त्यापूर्वीच्या काचांशी अधिक काम पडते, आणि या संस्काराचे खरे मोल तेथेच आहे.

१८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी प्रसिद्ध केलेली ओल्या कोलोडियनची काच निळा, जांभळा व जंबुपार प्रकाश तेवढा जाणत असे; हिरवा फारच थोडा, तांबडा मुळीच नाही. १८७३ मध्ये फोगेल यांनी रंजक मिसळून काचेस हिरव्या-पिवळ्या प्रकाशाची जाण देता येते, हे शोधून काढले. तांबड्यासह सर्व रंग जाणणाऱ्या काचा बाजारात आल्या त्या विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. एकोणिसाव्या शतकातील चित्रांत आकाश कोरे पांढरे आणि झाडी काळीभोर दिसते, त्याचे कारण हवामानात नसून काचेत आहे.

अजिंठ्याच्या बाबतीत याचे परिणाम गंभीर आहेत. मेजर रॉबर्ट गिल यांची तेथील चित्रांच्या नकला करण्यासाठी १८४४ साली नेमणूक झाली. त्यांच्या बहुतेक नकला १८६६ च्या डिसेंबरात सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांकडून ज्या नकला करवून घेतल्या, त्यांतील पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत गेल्या. नकला अशा नष्ट झाल्यामुळे छायाचित्रांचे महत्त्व साहजिकच वाढले. गिल यांनी घेतलेली छायाचित्रे फर्ग्युसन यांच्या लेखनासह १८६४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती. आणि हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्यावरील ग्रंथाचे चार भाग रंगीत व एकरंगी चित्रांसह काढले. आजची भिंत आणि त्या वेळची भिंत यांची तुलना करावयाची, तर अशाच साधनांचा आधार घ्यावा लागतो.

आता अजिंठ्याच्या रंगांकडे पाहावे. तांबडी व पिवळी गेरूमाती, हिरवी माती, काजळी, पांढरा, आणि लाजवर्दाचा निळा, असे ते मोजके रंग आहेत. तांबडा प्रकाश न जाणणाऱ्या काचेवर गेरूचा तांबडा जवळजवळ काळा उमटतो, पिवळाही काळवंडतो, आणि लाजवर्द मात्र डोळ्यांना दिसतो त्याहून फिकट येतो. जुन्या एकरंगी चित्रातील काळा डाग पाहून तेथे पापुद्रा उडाला असावा किंवा काजळी धरली असावी असा निष्कर्ष कोणी काढला, आणि आज ती जागा स्वच्छ तांबडी दिसते म्हणून मधल्या काळात ती साफ केली गेली असे मानले, तर एका रासायनिक गुणधर्मावर संवर्धनाचा सारा इतिहास उभा राहील. उलट बाजूनेही फसगत संभवते. खरोखर झिजलेला निळा भाग दोन्ही चित्रांत फिकटच दिसल्याने झीज लक्षात येणार नाही.

यावर उपाय असा. आजचे रॉ छायाचित्र घेऊन ते जुन्या काचेच्या डोळ्याने पाहावयाचे. काच कोलोडियनच्या किंवा साध्या कोरड्या वर्गातील असेल, तर फक्त निळी वाहिनी ठेवून एकरंगी चित्र करावे. हिरवा-पिवळा जाणणाऱ्या वर्गातील असेल, तर निळी व हिरवी मिळवावी, तांबडी शून्य करावी. सर्ववर्णी असेल, तर तिन्ही योग्य प्रमाणात घ्याव्यात. त्यानंतर त्या काळच्या कडक किंवा मऊ मुद्रणाशी जुळेल असा वक्र लावावा. आता दोन्ही चित्रे शेजारी ठेवली असता ज्या फरकाचे कारण काचेत होते तो पुष्कळसा नाहीसा होतो, आणि उरतो तो फरक भिंतीत शोधावयाचा. केवळ तपकिरी झाक देऊन 'जुने' केलेल्या चित्राने यातले काहीच साधत नाही. तांबडा तेथे उजळच राहतो. काच कोणत्या वर्गातील होती हे प्रथम निश्चित केले नाही, तर सर्व खटाटोप व्यर्थ जातो. बाह्य दृश्यातील आकाशाची व झाडीची छटा हा त्यासाठी एक चांगला सुगावा आहे.

लेण्यांच्या आतील रंगीत फिल्मविषयी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. अजिंठ्यात फ्लॅशला मनाई आहे, आणि उपलब्ध मंद प्रकाशात दीर्घ एक्स्पोजर द्यावे लागते. बिनॉय बहल यांनी १९९१ मध्ये अशाच मंद प्रकाशात तेथील चित्रांचे छायाचित्रण केले. दीर्घ एक्स्पोजरमध्ये फिल्मची संवेदनक्षमता घटते, आणि तिन्ही थरांत ती सारखी घटत नाही. म्हणून रंग ढळण्याचा संभव असतो व तो गाळण्यांनी आणि अनुभवाने सावरावा लागतो. डिजिटल संवेदकास ही अडचण नाही. तेव्हा भित्तिचित्रांच्या नोंदीसाठी फिल्मचे रंग आणण्यात काही लाभ नसून रंगतक्त्यासह घेतलेले सरळ चित्रच ठेवावे. फिल्मसदृश प्रत केलीच, तर ती निराळ्या नावाने, मूळ रॉ फाइल अबाधित ठेवून, आणि कोणता वक्र, कोणते कोष्टक व किती कण वापरला यांच्या नोंदीसह ठेवावी. चित्र व्याख्यानात किंवा ग्रंथात छापताना ती नोंद चित्राखालील ओळीत यावयास पाहिजे.

निळ्या वाहिनीच्या पद्धतीत मात्र एक उणीव राहते. कोलोडियनची काच जंबुपार किरणही टिपीत असे. डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकावर बसविलेली काच ते किरण अडविते. उघड्यावर, वाघूर नदीच्या दरीपलीकडून घेतलेल्या दृश्यात हा फरक विशेष जाणवतो. दूरच्या धुक्याने जंबुपार प्रकाश अधिक विखुरतो, त्यामुळे जुन्या चित्रात दूरचे कडे अधिक विरलेले येतात, आणि आजच्या निळ्या वाहिनीत ते तुलनेने स्पष्ट राहतात. ही तफावत संगणकात भरून काढण्याजोगी नाही. तीसाठी संवेदकावरील काच काढलेला कॅमेरा आणि दृश्य प्रकाश अडविणारी गाळणी घेऊन दुसरे चित्र घ्यावे व ते निळ्या वाहिनीत मिळवावे. लेण्यांच्या आत, जेथे बाहेरचा उजेड दगडावर व जमिनीवर आपटून मगच भिंतीपर्यंत पोहोचतो आणि जंबुपार भाग वाटेत पुष्कळसा शोषला जातो, तेथे निळी वाहिनी एकटीही बऱ्याच अंशी पुरते.